भट्टीवरच्या माणसालाही पूर्ण पाळी मास्क? मदत हवी आहे

मंडळी, भुसावळजवळ हायवेवरच्या एका हॉटेलात मी किचन सांभाळतो. शेठने सगळ्यांना पूर्ण पाळीभर मास्क सक्तीचा केलाय. वाढप्यांना हनुवटीवर टेकणारे पारदर्शक प्लास्टिकचे, आत आम्हाला कापडी. पैसे पगारातून कापणार.

वाढप्यांचं ठीक आहे, गिऱ्हाईकाच्या ताटावर वाकून बोलावं लागतं. अडचण भट्टीवर आहे. एकीकडे काड्यांवर भरताची वांगी, शेजारी शेवभाजीच्या रश्श्याची फोडणी, आणि वर मे महिना. कापड घामाने ओलं होऊन नाकाला चिकटतं, मग पोरं तेलकट हातानेच ते खाली ओढतात. झाली स्वच्छता!

शेठला विचारलं तर ‘अन्न खात्याचा नियम आहे’ एवढंच म्हणतात, कागद दाखवत नाहीत. कोरोनाची सक्ती राज्याने एप्रिल २०२२ मध्येच उठवली, तेव्हा तो मुद्दा नाही. एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या) २०११ च्या नियमांतलं परिशिष्ट ४ वाचलं. टोपी, मास्क, हातमोजे धंदेवाल्याने पुरवायचे असं त्यात आहे; भट्टीवर सतत घालायचाच, असं मला तरी दिसलं नाही. टोपी आम्ही घालतोच, वर्षाची वैद्यकीय तपासणीही झालीय. नोकरी सोडायची नाही, भांडणही नकोय.

जळगाव-धुळ्याकडे हॉटेल चालवणारे किंवा अन्न परवान्याची कामं करणारे कुणी असाल तर सांगा: तपासणीत भट्टीवरच्याच्या तोंडाला मास्क नसला तर खरंच नोटीस येते का? आणि शेठने पुरवायच्या वस्तूचे पैसे पगारातून कापता येतात का?