टाकीतले मासे परत सोडले की झालं?
वनाम तळ्यातला रेनबोफिश हा छोटा रंगीत मासा हौशी लोकांच्या काचेच्या टाक्यांत वाढतोय, तोच परत तळ्यात सोडला की प्रश्न मिटला, असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. पापुआ न्यू गिनीतल्या त्या एका तळ्याबाहेर निसर्गात तो कुठेच नाही, आणि तिथे बाहेरून आणलेला तिलापिया मासा आधीच बस्तान मांडून बसलाय. नवीन पिल्लं टिकणार कशी?

तिलापिया काय करतो ते आमच्या गोव्यात खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतीच्या, मानशीवर (पाणी आत-बाहेर सोडायच्या दारावर) बघावं. जाळ्यातली मादी उचलली की कधी कधी तिच्या तोंडातून जिऱ्याएवढी पिल्लं भराभर बाहेर पडतात. अंडी-पिल्लं तोंडातच सांभाळते, म्हणून जगतातही बरीच. पूर्वी तिथे काळुंदर हा इथलाच मासा भरपूर मिळायचा, आता जाळ्यात जास्त तिलापियाच. आणि कृपा करून, टाकीतले नकोसे मासे इथल्या करमळी गावच्या तळ्यात सोडू नका.