चुनखडी भाजल्यावर परसेंट यील्ड १०० च्या वर कसे गेले?

प्रश्न (अकरावी विज्ञान, वणी तालुका)
विज्ञान प्रदर्शनासाठी आम्ही १ किलो चुनखडी राजूरच्या एका चुनाभट्टीतून भाजून आणली. कॅल्शियम कार्बोनेटचे (चुनखडीचे) रेणुवस्तुमान १०० आणि कॅल्शियम ऑक्साइडचे (चुन्याचे) ५६, त्यामुळे ५६० ग्रॅम चुना मिळायला हवा होता. काट्यावर मात्र ६७० ग्रॅम भरला. परसेंट यील्डच्या सूत्रात (प्रत्यक्ष मिळालेले उत्पादन भागिले सैद्धांतिक उत्पादन, गुणिले १००) आकडे घातल्यावर यील्ड ११९.६ टक्के येते. मित्राच्या मते १००० पैकी ६७० मिळाले, म्हणून ६७ टक्के लिहावे. यातले बरोबर कोणते?

उत्तर १ (रसायनशास्त्र शिक्षक)
दोन्ही नाहीत. मित्राने छेदात दगडाचेच वजन घेतले. पण चुनखडी पूर्ण भाजली तरी किलोमागे ४४० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड उडून जाणारच, आणि त्याला तोटा म्हणत नाहीत. तुझा छेद बरोबर आहे, चूक अंशात आहे, कारण काट्यावर ठेवलेले सगळे खडे म्हणजे चुना नव्हे. वजन ३३० ग्रॅमने घटले, याचा अर्थ ७५० ग्रॅम कार्बोनेटचेच विघटन झाले, त्यातून ४२० ग्रॅम चुना तयार झाला आणि २५० ग्रॅम दगड तसाच राहिला. ४२० भागिले ५६० म्हणजे ७५ टक्के. यील्ड शंभरावर गेले की उत्पादितात दुसरे काहीतरी मिसळले आहे, असे आधी समजावे.

उत्तर २ (राजूर)
भट्टीवर याला कच्चा राहिलेला दगड म्हणतात. मोठ्या खड्याच्या गाभ्यापर्यंत आच पोहोचली नाही, की बाहेरून पांढरा दिसणारा खडा आतून दगडच असतो. कळीच्या (म्हणजे नीट भाजलेल्या) चुन्यावर पाणी टाकले की तो वाफ सोडत फुगतो आणि त्याची भुकटी होते, कच्चा गाभा मात्र तळाशी टणक राहतो. हे मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली, लांब उभे राहूनच करा, कारण उडालेला चुना डोळ्यांना फार घातक असतो. शिवाय भाजलेला चुना उघडा ठेवला होता का? तो हवेतला ओलावा ओढतो आणि वजन वाढते, पावसाळ्यात तर विचारूच नका.

उत्तर ३ (बी.एस्सी., यवतमाळ)
सरांचे गणित चुनखडी शुद्ध असल्यास लागू पडते. खाणीतल्या दगडात माती आणि वाळूचा अंश असतोच. समजा शुद्धता ९० टक्के आहे, तर कार्बोनेट ९०० ग्रॅम आणि सैद्धांतिक उत्पादन ५०४ ग्रॅम होईल. चुना तोच ४२० ग्रॅम, पण यील्ड ८३.३ टक्के. म्हणून न भाजलेल्या दगडाची थोडी पूड तोलून विरल हायड्रोक्लोरिक आम्लात टाकावी आणि बुडबुडे थांबल्यावर उरलेला गाळ गाळून, धुऊन, वाळवून पुन्हा तोलावा. शुद्धतेचा अंदाज त्यातून मिळेल, आणि छेद त्यानंतरच ठरवावा.