पुरात भिजलेली घरगुती उपकरणे : दुरुस्ती परवडते का?

२००५मध्ये मुंबईत, २०१९मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २०२१मध्ये चिपळूण-महाडात पाणी ओसरल्यावर फ्रिज, टीव्ही आणि वॉशिंग मशीन रस्त्याकडेला येऊन पडली. त्यांतली किती वाचण्याजोगी होती, याविषयी आपला अनुभव येथे लिहावा. उपकरण किती काळ पाण्यात होते आणि दुरुस्ती पुढे किती टिकली, हे आवर्जून सांगावे.

चिपळूण
२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी आमच्या घरात छातीपर्यंत चढले आणि दुसऱ्या दिवशी उतरले. पाण्याचा पंप आणि मिक्सर वाइंडिंगवाल्याकडे दिले. त्याने मोटारी उघडून लाल गाळ धुतला, त्या वाळवून वॉर्निश दिले आणि बेअरिंग बदलले. दोन्ही आजही चालतात. सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनही वाचले, कारण त्यात मोटारी आणि टायमर यांपलीकडे फारसे काही नसते. एलईडी टीव्ही सुरू झाला, पण पडद्याच्या आतील थरांत पाणी शिरल्याने चित्रावर ढगांसारखे डाग राहिले. नवा पॅनेल घेण्यापेक्षा नवा टीव्ही घेणे सोयीचे पडले.

सांगली
कृष्णेचे पाणी आमच्या गल्लीत कित्येक दिवस हटले नाही आणि त्यात गटाराचेही पाणी मिसळलेले होते. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजच्या इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्डावर हिरवट गंज चढला होता. कारागिराने तो आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) ब्रश मारून स्वच्छ केला आणि फ्रिज चालूही झाला. मात्र दिवाळीच्या आधीच तो पुन्हा बंद पडला. शिवाय फ्रिजच्या भिंतींतील पफमध्ये (थंडावा टिकवणाऱ्या फोममध्ये) मुरलेल्या पाण्याचा वास काही केल्या गेला नाही. अन्न ठेवायच्या वस्तूवर असा खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोल्हापूर, दुरुस्तीचा व्यवसाय
वरील मताशी मी अर्धाच सहमत आहे. कॉम्प्रेसर सीलबंद असल्यामुळे बहुधा वाचतो आणि जुन्या सिंगल-डोअर फ्रिजमध्ये रिले (कॉम्प्रेसर सुरू करून देणारा भाग), ओव्हरलोड (जादा भार आल्यास वीज तोडणारा भाग) आणि थर्मोस्टॅट बदलून काम भागते. फ्रिजच्या दाराच्या आत पाणी शिरले नसेल, तर असा फ्रिज टाकून देऊ नये. गिऱ्हाईक आले की मी पहिला प्रश्न विचारतो, तो ‘वस्तू चालू करून पाहिली का?’ हा. ओल्या बोर्डात वीज गेली की बिघाड कैक पटींनी वाढतो. मोटार वाळल्यावरही मेगरने (वीज कुठे गळते का ते मोजणाऱ्या यंत्राने) इन्सुलेशन तपासल्याशिवाय मी ती जोडत नाही. बोर्डाच्या कामाची हमी मी देत नाही, आणि जो देईल त्याच्याकडून ती लेखी घ्यावी.

कुर्ला, मुंबई
२६ जुलै २००५च्या पाण्यातून आमचा चित्रनळीचा टीव्ही बोर्ड धुऊन, वाळवून पुन्हा लागला. हल्लीच्या टीव्हीकडून तशी अपेक्षा ठेवता येत नाही. घरविमा असेल, तर सर्वेक्षक येऊन जाईपर्यंत काहीही उघडू नये, फेकूही नये. छायाचित्रे काढताना उपकरणामागील क्रमांकाची पट्टी स्पष्ट दिसेल असे पाहावे.