मदत हवी आहे : व्हिएतनामी ‘चे’ आणि नारळाच्या दुधाची अडचण

नमस्कार. आम्ही दोन वर्षांपासून हो चि मिन्ह शहरात राहतो. पावसाळ्याआधीचा इथला एप्रिलचा उकाडा सुसह्य होतो तो ‘चे’ या इथल्या गोड पदार्थाच्या ‘चे बा माउ’ नावाच्या तिरंगी प्रकारामुळे : उंच पेल्यात तळाशी शिजवलेला राजमा, त्यावर सोललेल्या मुगाचे पिवळे पुरण, मग पानदान नावाच्या सुगंधी वनस्पतीच्या पानांनी हिरवी झालेली जेली आणि वर नारळाचे दूध व बर्फाचा चुरा.

मे महिन्यात आई येणार आहे आणि तिला हा पेला मला स्वतःच्या हाताने करून द्यायचा आहे. मुगाचे पुरण उत्तम जमते. नारळाच्या दुधात चिमूटभर मीठ व थोडे टॅपिओकाचे (साबुदाण्याच्या कंदाचे) पीठ घालून मंद आचेवर आटवते, परंतु बर्फ पडताच त्यात पांढरे, मेणासारखे कण दिसू लागतात. कोपऱ्यावरच्या आजींचे दूध मात्र शेवटच्या घोटापर्यंत मऊ राहते. पीठ वाढवावे, की दूध पूर्ण निवल्यावरच बर्फ घालावा?

दुसरी शंका मध्य व्हिएतनाममधल्या ह्युए शहराची आहे. तिथे कमळबियांचे ‘चे’ आईला नक्की आवडेल. परंतु तिथेच टॅपिओकाच्या पारदर्शक गोळ्यांत भाजलेल्या डुकराच्या मांसाचे सारण भरलेला ‘चे’ही मिळतो आणि आई पूर्ण शाकाहारी आहे. ‘चाय’, म्हणजे शाकाहारी, एवढे सांगणे पुरते का, की विक्रेते सर्व पातेल्यांना एकच डाव वापरतात? तिथे राहिलेल्यांनी कृपया अनुभव सांगावा.