कोरडवाहू कपाशीतील फवारण्या आणि रासायनिक खते कमी करायची आहेत. सुरुवात कोठून करावी?

प्रश्न : गटाची कार्यकर्ती, केळापूर तालुका, जि. यवतमाळ

नमस्कार. आमच्या भागातील तीन गावांमध्ये चाळीसेक शेतकऱ्यांचा एक गट तयार झाला आहे. बहुतेकांकडे तीन ते पाच एकर कोरडवाहू जमीन आहे; मुख्य पीक कपाशी, सोबत तूर आणि थोडे सोयाबीन. रासायनिक कीडनाशकांवरचा खर्च आणि धोका दोन्ही कमी करावेत, ही मागणी शेतकऱ्यांकडूनच आली आहे. २०१७ च्या हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. ते सर्व या लोकांनी जवळून पाहिले आहे. त्यामुळे त्यांना पटवून देण्याची गरज उरलेली नाही. गरज आहे ती हंगाम न बुडवता बदल कसा करायचा, हे ठरवण्याची.

अडचणी अशा आहेत. गावात जनावरे कमी झाली आहेत, त्यामुळे शेणखत पुरत नाही. बियाणे, खत आणि औषध एकाच दुकानातून उधारीवर येते आणि कोणती फवारणी केव्हा करायची, हेही तेथेच ठरते. शिवाय गुलाबी बोंडअळीची भीती इतकी आहे की शेजाऱ्याने पंप पाठीवर घेतला, की आपणही घ्यावा असे प्रत्येकाला वाटते. एकाच हंगामात सर्व रसायने बंद करावीत की टप्प्याटप्प्याने? कंपोस्टने युरियाची जागा खरोखर भरून निघते का? आणि वनस्पतिजन्य अर्क, मित्रकीटक यांपैकी कपाशीवर कशाचा भरवसा धरावा? येत्या खरिपापूर्वी तयारी करायची आहे, म्हणून हे आत्ताच, फेब्रुवारीत विचारत आहे.

उत्तर : निवृत्त कृषी सहायक, अकोला

ताई, आपण खते आणि कीडनाशके यांचा विचार एकत्र करत आहात. माझे आग्रहाचे सांगणे असे की हे दोन बदल वेगळे ठेवावेत आणि आधी फवारण्यांना हात घालावा. फवारण्या पहिल्याच हंगामात बऱ्याच कमी करता येतात, कारण त्यांतील अनेक मुळात अनावश्यक असतात. खताचे तसे नाही. तेथे जमिनीला वेळ द्यावा लागतो.

याचा हिशेब गटापुढे उघडपणे मांडावा. युरियात ४६ टक्के नत्र असते, म्हणजे ४५ किलोच्या एका गोणीत सुमारे २० किलो. चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्राचे प्रमाण साधारण अर्धा टक्का, म्हणजे एका टनात पाच किलो. एका गोणीइतके नत्र शेणखतातून द्यायचे तर चार टन शेणखत लागते, आणि त्यातलेही सगळे पहिल्याच वर्षी पिकाला मिळत नाही. बराच भाग पुढच्या हंगामांत हळूहळू सुटतो. त्यामुळे युरिया एकदम बंद करून त्याजागी दोन बैलगाड्या खत टाकले, तर पीक पिवळे पडते, शेतकरी निराश होतो आणि दोष कंपोस्टला लागतो. श्रीलंकेत एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर अचानक बंदी घातली गेली, भाताचे आणि चहाचे उत्पादन घसरले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ती बंदी मागे घ्यावी लागली. तेथे सेंद्रिय खत निरुपयोगी ठरले असे नाही. ते पुरेसे तयार होण्याआधीच दुसरे काढून घेतले गेले.

म्हणून प्रत्येक शेतकऱ्याने एक एकर निवडावा. त्या एकरात माती परीक्षण, भरपूर कंपोस्ट, तुरीबरोबर मूग किंवा उडदाचे आंतरपीक, बियाण्याला आणि शेणखताला ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी, डाळवर्गीय पिकांना रायझोबियम हे हवेतील नत्र मिळवून देणारे जिवाणू, हे सर्व करावे आणि कंपोस्ट जितके वाढेल तितकाच युरिया कमी करावा. उरलेल्या जमिनीत पहिल्या वर्षी खताचे प्रमाण शिफारशीइतकेच ठेवावे, मात्र फवारण्या सर्वच क्षेत्रावर कमी कराव्यात.

उत्तर : शेतकरी, सेलू तालुका, जि. वर्धा

मी स्वतः शेती करते आणि आमच्या महिला गटात कंपोस्टचे काम पाहते, म्हणून तेवढ्यापुरते लिहिते. जनावरे कमी असतील तर नाडेप पद्धत आपल्यासाठीच आहे. ती पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी विकसित केली, म्हणजे तुमच्याच जिल्ह्यातली. विटांचे सुमारे दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच टाके बांधायचे आणि भिंतींत हवेसाठी भोके ठेवायची. एका टाक्याला साधारण १४०० ते १५०० किलो काडीकचरा, ९० ते १०० किलो शेण, १७५० किलो चाळलेली कोरडी माती आणि दीड ते दोन हजार लिटर पाणी लागते. थर भरून वरून शेणमातीने लिंपले की तीन ते चार महिन्यांत जवळजवळ तीन टन खत मिळते. शंभर किलो शेण दोन जनावरे असलेल्या घरीही आठवड्याभरात जमते.

खरी अडचण पाण्याची आणि वेळेची आहे. जूनमध्ये खत हवे असेल तर टाके याच महिन्यात भरले गेले पाहिजे, आणि एप्रिल-मेमध्ये ढीग कोरडा पडला तर कुजणे थांबते. टाके सावलीत घ्यावे, भेगा पडल्या की पुन्हा लिंपावे. ज्या गावात मार्चनंतर टँकर येतो तेथे मी हा खटाटोप आत्ता सुचवणार नाही; तेथे पावसाळ्यात तण, सोयाबीनचे कुटार आणि पालापाचोळा गोळा करून सप्टेंबर-ऑक्टोबरात टाके भरावे आणि ते खत पुढच्या खरिपासाठी ठेवावे.

पऱ्हाटीबद्दल, म्हणजे वेचणीनंतर उरलेल्या कपाशीच्या काड्यांबद्दल, विशेष सांगते. ती धुऱ्यावर (बांधावर) रचून ठेवणे किंवा पेटवणे दोन्ही वाईट. रचलेल्या पऱ्हाटीतील किडक्या बोंडांत गुलाबी अळी सुप्तावस्थेत राहते आणि पुढच्या हंगामात तेथूनच पतंग निघतात. अवजार बँकेतून श्रेडर भाड्याने मिळत असेल तर तीनही गावांनी मिळून दिवस ठरवून घ्यावेत आणि भुगा टाक्यात घालावा. अख्खी काडी वर्षभरातही कुजत नाही, भुगा कुजतो. ढीग नीट तापला तर अळ्याही मरतात.

आणखी एक, कच्चे शेण शेतात टाकू नये. त्यातून हुमणी (पिकाची मुळे खाणारी अळी) आणि तणाचे बी शेतात येते आणि मग त्याच हुमणीसाठी दुकानातून दाणेदार विष आणावे लागते.

उत्तर : कीटकशास्त्राचा विद्यार्थी, परभणी

कीडनियंत्रणाबद्दल क्रमाने लिहितो, कारण कपाशीत कीड बदलते तसा उपायही बदलतो.

पहिल्या दीड-दोन महिन्यांत मावा, तुडतुडे, फुलकिडे या रसशोषक किडी येतात. बाजारातील बीटी (बोंडअळीला प्रतिकार करण्यासाठी जनुक बदललेल्या) बियाण्याला बहुधा कारखान्यातच कीडनाशक चोळलेले असते आणि त्याचा परिणाम सुरुवातीचे काही आठवडे राहतो. तरीही उगवणीनंतर महिन्याच्या आतच पहिली फवारणी होते, आणि तिने ढालकिडे, क्रायसोपा, कोळी हे मित्रकीटक मरतात. नंतर मावा आणि पांढरी माशी वाढते ती बऱ्याच अंशी यामुळेच. म्हणून या काळात रासायनिक फवारणी टाळणे हाच मोठा उपाय आहे. धुऱ्यावर चवळी आणि मका लावल्यास मित्रकीटकांना आसरा मिळतो. चवळीवरील मावा खाण्यासाठी ढालकिडे आधी तेथे जमतात आणि मग कपाशीत उतरतात.

कीड वाढतेच आहे असे दिसले तर पाच टक्के निंबोळी अर्क वापरावा. पाच किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटून नऊ-दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवाव्यात, सकाळी फडक्याने पिळून गाळावे, साबणाच्या चुऱ्याचे द्रावण मिसळून एकूण शंभर लिटर करावे आणि त्याच दिवशी संध्याकाळी फवारावे. यातील अझाडिरेक्टिन हा कीडरोधक घटक उन्हात लवकर नष्ट होते, त्यामुळे सकाळी दहा-अकराला फवारलेला अर्क अर्धा वाया जातो. अर्काने कीड दुसऱ्या दिवशी मेलेली दिसत नाही. ती खाणे सोडते, अंडी कमी घालते, कात नीट टाकत नाही. हे आधी सांगितले नाही तर शेतकरी तिसऱ्या दिवशी दुकानात जातो. दशपर्णी अर्कही (दहा वनस्पतींच्या पाल्याचा) करता येतो, पण त्याची तीव्रता प्रत्येक घरी वेगळी असते, त्यामुळे मी भर निंबोळीवर देईन.

गुलाबी बोंडअळीचे गणित वेगळे आहे. अंड्यातून निघालेली अळी थोड्याच वेळात कळीत किंवा बोंडात शिरते आणि छिद्र बुजते. आत गेलेल्या अळीला ना निंबोळी पोहोचते ना कोणते महागडे रसायन. तिला गाठायचे ते पतंग किंवा अंड्याच्या अवस्थेत. हेक्टरी पाच कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे) पिकाच्या उंचीपेक्षा फूटभर वर लावावेत आणि सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ किंवा अधिक पतंग आले तरच आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे फवारणीचा खर्च करणे परवडेल इतकी कीड, ओलांडली असे मानावे. पतंग दिसू लागले की ट्रायकोग्रामाची कार्डे पानांच्या खालच्या बाजूला टाचावीत. हा सूक्ष्म परोपजीवी किडीच्या अंड्यातच आपले अंडे घालतो. कार्ड लावण्याच्या आगेमागे रासायनिक फवारणी झाली तर ते पैसे गेले. डोमकळ्या, म्हणजे गुलाबासारख्या मिटलेल्या कळ्या, दर आठवड्याला वेचून नष्ट कराव्यात. आणि फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही तीच कपाशी राखून घेतलेले पीक, घेऊ नये. डिसेंबरअखेर कपाशी शेतातून निघाली की अळीची साखळी तुटते, हा या किडीवरील सर्वांत स्वस्त उपाय आहे, पण तो गावाने एकत्र केला तरच उपयोगी पडतो.

पुन्हा प्रश्न : गटाची कार्यकर्ती, केळापूर तालुका

सर्वांचे मनापासून आभार. दोन शंका उरल्या आहेत. निंबोळ्या किती गोळा कराव्या लागतील याचा अंदाज कसा बांधावा? आणि गटातील काही जण म्हणतात की दुकानात ‘सेंद्रिय’ नावाने तयार बाटल्या मिळतात, त्याच घेऊ. एक-दोघांना त्यांचा गुण रासायनिक औषधासारखाच तत्काळ आला म्हणे.

उत्तर : सेंद्रिय कापूस गटाचा सदस्य, अमरावती

तत्काळ गुण आला असेल तर अधिक सावध व्हावे. वनस्पतिजन्य किंवा बुरशीजन्य उत्पादन एका रात्रीत अळ्यांचा सडा पाडत नाही. ‘सेंद्रिय’ लिहिलेल्या काही बाटल्यांत रासायनिक कीडनाशकाची भेसळ सापडलेली आहे, आणि ते निर्धोक समजून माणूस हातमोजे, मास्क न लावता फवारतो. हे उघड विषापेक्षाही घातक आहे. जैविक कीडनाशकावरही केंद्रीय कीटकनाशक मंडळाचा नोंदणी क्रमांक, घटकाचे नाव, निर्मितीची आणि मुदत संपण्याची तारीख हवी. क्रमांक नसेल किंवा पक्के बिल मिळत नसेल तर घेऊ नये. ट्रायकोडर्मा, बिव्हेरिया, मेटारायझियम ही जिवंत बुरशी आहे. शक्यतो कृषी विद्यापीठ किंवा कृषी विज्ञान केंद्राकडून ताजी घ्यावी आणि पत्र्याच्या खोलीत साठवू नये.

गटाच्या मनात पुढे सेंद्रिय प्रमाणपत्र असेल तर आत्ताच स्पष्ट बोलावे. बीटी बियाणे त्यात चालत नाही आणि वार्षिक पिकांसाठी दोन वर्षांचा रूपांतरण काळ जातो. ‘सुरज’सारखे सरळ (संकरित नसलेले) वाण किंवा एकेए-७, एकेए-८ यांसारखे अकोल्याचे देशी वाण घ्यावे लागतात. देशी कपाशीवर रसशोषक किडींचा त्रास कमी होतो, परंतु बोंडअळीसाठी लक्ष अधिक ठेवावे लागते आणि खरेदीदार आधी ठरलेला असावा लागतो. पहिल्याच वर्षी सर्वांना या वाटेवर आणू नये. ज्यांची घरची गरज कपाशीच्या एकाच वेचणीवर अवलंबून आहे, त्यांच्यावर हा भार टाकणे मला योग्य वाटत नाही.

उत्तर : निवृत्त कृषी सहायक, अकोला

निंबोळ्यांचा अंदाज असा. वाढलेल्या कपाशीला एकरी सुमारे दोनशे लिटर द्रावण लागते, म्हणजे एका फवारणीला दहा किलो वाळलेल्या निंबोळ्या. तीन फवारण्या धरल्या तर एकरी तीस किलो. चाळीस शेतकऱ्यांचा एकेक एकर धरला तरी बारा क्विंटल झाले. निंबोळी पिकून पडते ती जून-जुलैत, ऐन पेरणी-निंदणीच्या धांदलीत, त्यामुळे वेचणाऱ्या महिलांना किलोमागे रोख दर ठरवून द्यावा. फुकट श्रमावर हे काम टिकत नाही. गर धुऊन काढावा, बी सावलीत वाळवावे आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत न भरता गोणपाटात ठेवावे, नाहीतर बुरशी येते. या खरिपासाठी निंबोळी उशिरा हाती येईल, म्हणून सुरुवातीच्या फवारणीपुरती मागच्या हंगामातील निंबोळी गावोगाव आत्ताच शोधून ठेवावी.

उधारीच्या दुकानाचा प्रश्न सर्वांत अवघड आहे आणि त्याला अर्क हे उत्तर नाही. फवारणीचा निर्णय शेतात परत आणावा लागेल. २००८ मध्ये सोयाबीनवर किडींचा मोठा उद्रेक झाल्यानंतर राज्यात कीड सर्वेक्षणाचा क्रॉपसॅप प्रकल्प सुरू झाला. त्याच्या धर्तीवर आपल्या गटात जुलैपासून दर आठवड्याला एक शेतीशाळा घ्यावी. पाच-सहा शेतकऱ्यांनी एका शेतात जावे, वीस झाडे निवडून प्रत्येकाच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या पानावरील तुडतुडे आणि ढालकिडे मोजावेत, सापळ्यातील पतंग मोजावेत आणि आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावेत. कीड पातळीच्या खाली असेल तर त्या आठवड्यात कोणीही पंप काढायचा नाही, असे सर्वांसमक्ष ठरवावे. पातळी खरोखर ओलांडली आणि जैविक उपाय कमी पडले, तर रासायनिक फवारणी करणाऱ्याला गटाबाहेर काढू नये. मात्र दोन-तीन औषधे एकत्र मिसळायची नाहीत, वाऱ्याच्या विरुद्ध फवारायचे नाही, डोक्याच्या वर गेलेल्या पिकात शिरायचे नाही आणि मजुराला हातमोजे, चष्मा, मास्क गटाने द्यायचे, हे नियम लेखी असावेत. शेतीशाळेसाठी पहिले शेत असे निवडावे जे रस्त्यालगत आहे आणि ज्याचा मालक आठवड्यातून एक सकाळ नक्की देऊ शकतो.