मदत हवी आहे : कारखान्यासाठी इपॉक्सी फ्लोअरिंग, 2 मिलिमीटर की 5 मिलिमीटर?

उंबरठा :
कारखान्याच्या नव्या इमारतीत इपॉक्सी (दोन घटक मिसळून कडक होणारी राळ) फ्लोअरिंग करून घ्यायचे आहे. कंत्राटदाराने 2 मिलिमीटरचे सेल्फ लेव्हलिंग (ओतल्यावर आपोआप सपाट पसरणारे) आणि 5 मिलिमीटरचे वाळूमिश्रित स्क्रीड (थापून घातला जाणारा जाड थर) असे दोन पर्याय दिले असून दुसऱ्याचा खर्च बराच जास्त आहे. रंग राखाडी ठरला आहे. यंत्रे लवकरच येऊन पडतील, त्यामुळे कोणता पर्याय घ्यावा एवढेच कृपया सांगावे.

खडीवाळू :
रंग कळला, पण कोबा केव्हा घातला, तो तळमजल्यावर आहे की वर, त्यावरून काय फिरणार आणि त्यावर काय सांडणार, हे कळल्याशिवाय जाडी कशी सांगणार? साध्या इपॉक्सीसाठी नव्या काँक्रीटला निदान 28 दिवस द्यावेत असा सर्वसाधारण नियम आहे.

उंबरठा :
28 दिवस होऊन गेले आहेत. तळमजला आहे, फोर्कलिफ्ट फिरेल, आणि सांडण्याचे म्हणाल तर नेहमीचेच.

घासूनपुसून :
माझ्या मते इपॉक्सीच नको. कोबा डायमंड ग्राइंडरने घासून, सिलिकेटचे हार्डनर (पृष्ठभाग कडक करणारे द्रावण) मुरवून पॉलिश करून घ्यावा. वर थरच नसल्यामुळे पोपडे निघण्याचा प्रश्नच उरत नाही. आमच्या गोदामात फोर्कलिफ्टची ये-जा सतत असूनही हा कोबा उत्तम टिकला आहे.

खडीवाळू :
गोदामात टिकेल, हे मान्य. पण हार्डनर लावला तरी तो सिमेंटचाच पृष्ठभाग असतो आणि आम्ल सांडले की खाल्ला जातोच. म्हणूनच ‘नेहमीचेच’ म्हणजे नेमके काय, हे विचारत आहे.

दुपारचे ऊन :
इपॉक्सी उन्हात पिवळे पडते, हे लक्षात ठेवावे. उघड्या वाहनतळासाठी त्यावर अ‍ॅलिफॅटिक (उन्हात पिवळ्या न पडणाऱ्या) पॉलियुरेथेनचा थर द्यावा.

उंबरठा :
वाहनतळाविषयी मी काहीच विचारलेले नाही. दुधावर प्रक्रिया होते. अर्ध्या भागात कोरडे गोदाम आहे आणि उरलेल्या भागातील टाक्या रोज गरम पाण्याने धुतल्या जातात. याचा जाडीशी काय संबंध?

सांधेजोड :
संबंध जाडीपेक्षा जातीशी आहे, आणि हे पहिल्याच प्रतिसादात यायला हवे होते. सांडलेल्या दुधाचे लॅक्टिक आम्ल होते आणि अशी सेंद्रिय आम्ले नेहमीच्या इपॉक्सीला हळूहळू मऊ करतात. शिवाय बरीचशी साधी इपॉक्सी 50 ते 60 अंश सेल्सिअसच्या आसपास नरम पडू लागते, आणि उष्णतेने ती काँक्रीटच्या कितीतरी पट प्रसरण पावत असल्यामुळे रोज गरम आणि थंड पाण्याचा मारा झाला की तिची पकड सुटते. धुण्याच्या भागात 6 ते 9 मिलिमीटरचे पॉलियुरेथेन काँक्रीट (पॉलियुरेथेन राळ, सिमेंट आणि वाळू यांचे मिश्रण) घ्यावे, भिंतीलगत गोलाई द्यावी आणि उतार गटारीकडे ठेवावा. कोरड्या गोदामाला इपॉक्सी पुरेल. मात्र फोर्कलिफ्टची चाके कडक असतील, तर तिथे 2 मिलिमीटरवर मी तरी विसंबणार नाही.

घासूनपुसून :
म्हणजे निम्म्या भागात माझा पर्याय चालतो. आणि इपॉक्सीच करायचे असेल, तर कोबा आम्लाने धुतला की काम भागते.

सांधेजोड :
भागत नाही. आम्लाने पृष्ठभाग सारखा खरखरीत होत नाही, क्षार मागे राहतात आणि कोबा पुन्हा ओला होतो तो वेगळाच. शॉट ब्लास्टिंग (पोलादी छर्‍यांचा मारा) किंवा घासणी करून वरची सिमेंटची कमकुवत साय काढावी लागते. त्यानंतर पाण्याचे थेंब टाकून पाहावेत : थेंब मुरण्याऐवजी मण्यांसारखे उभे राहिले, तर क्युअरिंगचे (काँक्रीट लवकर सुकू नये म्हणून फवारलेले) रसायन किंवा तेल अजून तिथेच आहे असे समजावे.

खडीवाळू :
त्याआधी ओल तपासावी. सुमारे 45 सेंटिमीटर चौरस प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने कोब्यावर बंद करून निदान 16 तास ठेवावा. एकाच ठिकाणी ठेवून भागणार नाही.

उंबरठा :
गोदामात आणि धुण्याच्या भागात प्लॅस्टिक लावले होते. गोदामात ठीक आहे. धुण्याच्या भागात मात्र त्याखालचा कोबा काळसर पडला असून आतून थेंबही जमले आहेत. कंत्राटदार म्हणतो की प्रायमर (सगळ्यात खालचा पहिला हात) दिला की पुरे.

सांधेजोड :
कोणता प्रायमर, हे लेखी घ्यावे. साधा प्रायमर खालून येणारी ओल अडवत नाही आणि पुढे फुगे येतात. कोब्याखाली ओल अडवणारा पॉलिथिनचा पडदा घातला होता का, हेही विचारावे. पॉलियुरेथेन काँक्रीट ओल अधिक सोसते, पण पडदाच नसेल, तर त्याच्या उत्पादकाकडूनही ओलीची मर्यादा लेखी मागवावी.

उंबरठा :
पडदा घातलेला नाही, असे आताच कळले. यंत्रे पुढे ढकलता येणार नाहीत. ती आधी बसवून भोवतीने फ्लोअरिंग केले तर?

खडीवाळू :
गोदामात चालेल. धुण्याच्या भागात मात्र टाक्यांच्या पायांखाली घासणीचे यंत्र पोहोचणार नाही, आणि पाणी नेमके तिथेच साचणार आहे. त्या टाक्या तूर्त गोदामात उतरवून घ्याव्यात.