'क्युम्युलेटिव्ह ट्रॅफिक इम्पॅक्ट'ले मराठीत काय म्हणावं?

धुऱ्यावरचा:
मंडळी, एका शब्दावर गाडी अडली. जिल्ह्याच्या गावाले जायच्या आमच्या रोडवर नाक्यापासून दोनेक किलोमीटरात एक मॉल, दोन लग्नाचे लॉन अन् एक पेट्रोलपंप येऊन राहिला, चौघांच्या फायली वेगवेगळ्या अन् हरेक फाइलीत तेच, की आमच्यानं रहदारीत काही खास फरक पडत नाही. गावाकडून हरकत द्यायची हाय, लिहायचं माह्या गळ्यात पडलं. मी लिहिलं 'एकत्रित वाहतूक प्रभाव', तं सरपंच म्हणे हे काय पुढाऱ्याच्या सत्काराचं बॅनर हाय का. बरोबर शब्द सांगा बावा.

रिटायर मास्तर:
सरपंच बरोबर बोलले, 'प्रभाव' काढा. पर्यावरणाच्या कागदात 'आघात' म्हणतात पण तो वाचला की मला पक्षाघातच आठवतो, साधं 'परिणाम' लिहा. 'वाहतूक' पण नको. वाहतूक म्हणजे माल-माणसं वाहून नेणं, रस्त्यावरची ये-जा म्हणजे रहदारी. (जुन्या काळी रहदारी म्हणजे रस्त्यावरची जकात न् तिचा परवाना, आता तो अर्थ गेला.)
खरी गोम 'एकत्रित'मध्ये आहे. एकत्रित म्हणजे चार गोष्टी एका जागी आणल्या, बस. क्युम्युलेटिव्हमध्ये आधीच्यावर पुढचं चढत जातं. शाळेच्या पुस्तकात 'संचित वारंवारता' आहे, पण संचित म्हणजे साचून झालेलं, साचत जाणारं ते संचयी. म्हणून 'संचयी परिणाम'.

कपाशीवाली:
गुरुजी संचयी बरोबर आहे पण गावात कोणाला समजणार, बँकेची ठेव वाटेल. मी कॉलेजात असताना चौकात बसून गाड्या मोजायचं काम केलंय, चार उभ्या रेघा मारायच्या न् पाचवी आडवी, सकाळी आठपासून, ऊन डोक्यावर. तिथं कळलं की हिशेब तीन थरांचा असतो: आज रस्त्यावर असलेल्या गाड्या, मंजूर झालं पण बांधलं नाही त्याच्या गाड्या, आणि आता अर्ज आलाय त्याच्या. कीर्तनात संचित, प्रारब्ध, क्रियमाण सांगतात ना, थोडं ओढूनताणून तसंच. फाइलवाले पहिला न् तिसरा थर दाखवतात आणि मधला गिळतात, आणि मधलाच तर उद्या बोकांडी बसतो.

नुसतं ऐकतो:
मग सरळ 'बेरजेचा परिणाम' म्हना ना, पोट्टंही समजते.

कपाशीवाली:
नाही दादा, बेरीज दोन्हीकडून चुकते. पंपावर येणारा बराचसा माणूस रस्त्यानं जातच होता, तो नवीन नाही, तिथं बेरीज जास्त निघते. आणि रस्ता भरत आला की उलटं होतं, थोड्याच गाड्या वाढतात पण रांग कुठच्या कुठं जाते, तिथं बेरीज कमी पडते. गाड्याही सारख्या धरत नाहीत, इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1990 च्या ग्रामीण रस्त्यांच्या हिशेबात (आयआरसी 64) कार 1 धरली तर ट्रॅक्टर-ट्रॉली 4.5 कारइतकी आणि मोठी बैलगाडी 8 कारइतकी! शहरातल्या रस्त्याचे आकडे वेगळे. म्हणून धुऱ्यावरच्या भाऊंना एक विचारते, मोजणी कोणत्या महिन्यातली आहे ते पाहिलं का? जून-जुलैत मोजली असेल तर जिनिंगसमोरची कापसाच्या ट्रॉल्यांची रांग त्यात येणारच नाही.

धुऱ्यावरचा:
ताई, मोजणी जुलैचीच हाय!! हे मी पाह्यलंच नव्हतं. अन् दोन लॉनवाले म्हणतात आमच्या घरी पार्किंग नियमापरमानं हाय, असंल बावा, पण लग्नतिथी दोघायची एकच राहते ना.
शब्दाचं मले आता असं वाटते. शेजारी धुरा (शेताचा बांध) कोरते तेव्हा एका वर्षी नांगराचं एकच तास घेते, तलाठ्याले दाखवाले गेलं तं म्हणते एवढ्याशानं काय होते. दहा वर्षानं पाहा तं धुराच नाही, बैल वळवाले जागा नाही. आमची पांदण अशीच गेली. तं हे 'कोरत जाणं' शब्दात आलं पाहिजे.

रिटायर मास्तर:
कोरणं म्हणजे कमी होणं, इथे तर भार वाढतोय. पण रस्त्याच्या बाजूनं पाहिलं तर त्याची जागा कोरलीच जाते, बोलताना खुशाल वापरा, अर्जात नको. अर्जात 'साचत जाणारा परिणाम' लिहा न् पहिल्या वेळी शेजारी '(संचयी)' टाका म्हणजे साहेबालाही पळवाट नाही.

धुऱ्यावरचा:
मंग असं लिहितो: "सध्याची रहदारी, मंजूर पण न बांधलेल्या प्रकल्पांची रहदारी व या चारही प्रस्तावांची रहदारी मिळून रस्त्यावर साचत जाणारा (संचयी) परिणाम कापसाच्या हंगामात व लग्नतिथीच्या दिवशी मोजणी करून तपासावा, तोवर एकाही फाइलीवर स्वतंत्र निर्णय घेऊ नये." जमलं का?

कपाशीवाली:
जमलं. फक्त 'गर्दीच्या तासात' टाका, नाहीतर दिवसभराची सरासरी काढून देतील.

रिटायर मास्तर:
आणि टाइप झाल्यावर स्वतः वाचा. 'न बांधलेल्या'तला 'न' टायपिंगवाला हमखास खातो.